सागरगोटा: फोडलेला आणि न फोडलेला

सागरगोट्याची शेंग झाडावरून काढताना फार जपावं लागतं. बोटभर लांब, फुगीर, आणि अंगभर काटे. उकलली की आत एक-दोन करड्या, चकचकीत बिया. झुडूपही तसंच आडदांड. फांद्यांना आकड्यासारखे वळलेले काटे, पानाच्या देठालाही. त्यात बाही अडकली की पुढे ओढून सुटत नाही, मागेच सरावं लागतं. म्हणून किनाऱ्यालगतच्या वईत या झुडपाला जागा मिळाली. त्यातून गुरं आत शिरत नाहीत. पिवळ्या फुलांचे तुरे येतात, पण त्यांच्याकडे कुणी फारसं पाहत नाही. या झाडाचं सगळं मोल बीमध्ये आहे. कुणी त्या बीला गजगा म्हणतं, कुणी सागरगोटा.

या बीचं कवच विलक्षण आहे. ते पाणी आत शिरू देत नाही, आणि आतला गर वाळला की पोकळी राहते, त्यामुळे बी समुद्रावर तरंगते. खारं पाणी तिला मारत नाही. महिनोन्‌महिने वाहत जाऊन ती परक्या वाळूवर लागते आणि तरी जिवंत असते. जगभरच्या उष्ण किनाऱ्यांवर हे झुडूप दिसतं ते या कवचामुळे. तिचा इतिहास चाळताना मला मात्र वेगळंच काहीतरी जाणवत गेलं. माणसांनी या बीचं काय केलं, ते बहुतेक एकाच गोष्टीवर ठरलं: त्यांनी कवच फोडलं की नाही.

तमिळ देशात सोनं तोलणाऱ्यांनी ते फोडलं नाही. तिथे ही बी वजन झाली. सोनं मोजायचं ‘कळंजु’ हे माप या बीवरूनच आलं. वीस मंजाडी म्हणजे एक कळंजु. मंजाडी म्हणजे रतनगुंजेची लाल बी. तंजावरच्या मोठ्या देवळाच्या भिंतींवर राजराज चोळाच्या काळातले, म्हणजे अकराव्या शतकाच्या आरंभाचे लेख आहेत. देवाला दिलेल्या दागिन्यांचं वजन त्यांत कळंजुत कोरलेलं आहे. वईतली काटेरी बी राजाच्या सोन्याचा हिशेब ठेवते, याचं मला अजूनही नवल वाटतं. पुढे प्रमाण वजनं घडवली गेली, पण नाव बीचंच राहिलं.

अरबी आणि फारसी हकिमांनी तिच्यात आणखी एक गोष्ट हेरली. वाळलेली बी कानाशी धरून हलवली की आतला गर खुळखुळतो. पोटात दुसरा खडा असलेला ‘गरुडाचा दगड’ जुन्या ग्रीक वैद्यकात बाळंतिणीचा रक्षक मानला जाई. त्या दगडाचे गुण हकिमांनी या बीला दिले. मुंबईत औषधांची नोंद करणारे विल्यम डायमॉक यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ही समजूत टिपून ठेवली. बी लाल रेशमात ओवून गर्भवतीच्या अंगावर बांधत, गर्भ टिकावा म्हणून. इथेही कवच शाबूत.

स्कॉटलंडच्या पश्चिमेच्या बेटांवर तर फोडण्याचा प्रश्नच नव्हता. ही बी तिथे उगवत नाही. समुद्र आणून टाकतो. मार्टिन मार्टिन या तिथल्याच लेखकाने १७०३ मध्ये त्या बेटांचं वर्णन छापलं. पोरांच्या गळ्यात या समुद्री बिया बांधतात, चेटूक आणि वाईट नजर लागू नये म्हणून; पांढरट बी सर्वांत गुणकारी, आणि कुणी वाईट चिंतलं तर ती काळी पडते, असं त्याने लिहिलं आहे. ती पांढरट बी म्हणजे आपला सागरगोटा, असं वनस्पतींचे जाणकार मानतात. आपल्याकडे बाळाला दृष्टमणी बांधतात, तसंच हे. लोक या बियांना मोलुक्का बेटांच्या बिया असं नाव देत, जणू त्या पूर्वेकडून आल्या. खरा उलगडा थोडा आधीच झाला होता. जमैकात राहून आलेले डॉक्टर हान्स स्लोन यांनी १६९६ मध्ये ऑर्कनी बेटांवर लागलेल्या अशा बियांवर टिपण लिहिलं आणि त्यांतल्या बहुतेक जमैकातल्या म्हणून ओळखल्या. अटलांटिकचा प्रवाह त्या घेऊन येत होता. पुढे आयर्लंडच्या किनाऱ्यावर लागलेल्या बीपासून रोप उगवल्याची नोंद वनस्पतिशास्त्रज्ञ रॉबर्ट ब्राउन यांनी १८१८ मध्ये केली, म्हणजे तो सगळा प्रवास बीने जिवंतपणी केला होता.

ज्यांच्या दाराशी हे झुडूप होतं, त्यांच्या वैद्यांनी मात्र कवच फोडलं. संस्कृतात ते लताकरंज, बीच्या रूपावरून कुबेराक्ष. ताप, पोटातले जंत, सूज, अंडवृद्धी यांवर त्याचा गर आणि पाला. मलबारात हेन्रिक व्हान र्‍हेडे या डच अधिकाऱ्याने ‘होर्टुस मलाबारिकुस’ हा बारा खंडांचा ग्रंथ करवून घेतला. त्यात इट्टी अच्युतन वैद्यांच्या बरोबरीने रंगभट, विनायक पंडित आणि आपू भट हे तीन कोंकणी वैद्य होते. त्यांचं देवनागरीतलं प्रशस्तिपत्र पहिल्या खंडात छापलेलं आहे. दुसऱ्या खंडात हे झुडूप ‘कारेट्टी’ या नावाने चित्रासह येतं. पुढे वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने १७५३ मध्ये त्याला शास्त्रीय नाव दिलं ते गिलांदिना बोंडुक. त्यातला बोंडुक अरबीतून आलेला, आणि गिलांदिना हे पादुआच्या औषधी बागेचे प्रमुख मेल्खिओर वीलांट यांच्या स्मरणार्थ. त्यांना चाच्यांनी समुद्रात पकडलं होतं आणि शरीरशास्त्रज्ञ फालोप्पिओ यांनी खंडणी भरून सोडवलं होतं.

इंग्रजी राजवटीत या गराला मोठा मान मिळाला, आणि त्याचं कारण हिवताप. निलगिरीत सिंकोनाची, म्हणजे हिवतापावरच्या क्विनाइनच्या झाडाची, लागवड १८६०च्या दशकात नुकती सुरू झाली होती. क्विनाइन महाग आणि परदेशातून येणारं. एडवर्ड वेअरिंग यांनी संपादित केलेल्या १८६८च्या ‘भारतीय औषधसंहिते’त सागरगोट्याचं चूर्ण अधिकृत औषध म्हणून दाखल झालं. कृती साधी: कवच काढलेल्या गराची पूड आणि काळ्या मिऱ्याची पूड समभाग, आणि १५ ते ३० ग्रेनची मात्रा. मिरी घालून हे चूर्ण देशी वैद्य आधीपासून देत होते. सरकारी ग्रंथाने ते आपलं म्हणून लिहून घेतलं, एवढंच. १८८६ मध्ये हेकेल आणि श्लागडेनहाउफेन या फ्रेंच संशोधकांनी त्यातलं कडू द्रव्य वेगळं काढून त्याला बोंडुसिन नाव दिलं. क्विनाइन स्वस्त झालं तसं हे चूर्ण मागे पडलं.

घरात मात्र ते राहिलं. बाळगुटीच्या डब्यात हिरडा, वेखंड, मुरुडशेंग, जायफळ यांच्या जोडीला सागरगोटा असतोच. अडकित्त्यात धरून कवच तडकवायचं, आतला पांढरा गर सहाणेवर एक-दोन वेढे उगाळायचा. तो इतका कडू असतो की जिभेला नुसता लागला तरी बराच वेळ जात नाही. (बालरोगतज्ज्ञ पहिले सहा महिने अंगावरच्या दुधाशिवाय काहीच देऊ नका म्हणतात, आणि ते ऐकावं.) त्याच घरातल्या मुली न फोडलेले सागरगोटे ओसरीवर मांडून एकखई-दुखई खेळत, आणि पोरं गजगा दगडावर घासून तापवत व शेजाऱ्याच्या दंडाला चटका देत.

१९८० च्या सुमारास केंद्रीय आयुर्वेद संशोधन परिषदेने हिवतापासाठी ‘आयुष-६४’ ही गोळी तयार केली. सप्तपर्ण, कुटकी आणि काडेचिराईत यांचे अर्क प्रत्येकी १०० मिलिग्रॅम, आणि कुबेराक्षाच्या बीची पूड २०० मिलिग्रॅम. घटकांत सर्वांत जास्त वजन तिचंच. २०२१ च्या करोना लाटेत सौम्य आजारासाठी ही गोळी देशभर वाटली गेली, तेव्हा कित्येकांच्या पोटात सागरगोटा गेला आणि त्यांना त्याचा पत्ताही नव्हता.

या गोळीच्या माहितीत कुबेराक्षाचं शास्त्रीय नाव सिसाल्पिनिया क्रिस्टा असं दिलेलं असतं. मला ते खुपतं. वनस्पतिशास्त्राच्या आजच्या व्यवहारात क्रिस्टा हे नाव खाडीकाठच्या दुसऱ्याच वेलीचं आहे. तिची शेंग चपटी, बिनकाट्यांची, बहुधा एकाच बीची. सागरगोटा म्हणजे बोंडुक, आणि २०१६ नंतर तर त्याला पुन्हा लिनियसचं गिलांदिना हे वंशनाम मिळालं आहे. औषधी झाड गोळा करणाऱ्याने नावावर न जाता शेंगेचे काटे आणि करडी, गोल बी पाहावी. गोळीच्या वेष्टनावरही दुरुस्त नाव यावं.