मॉनिटर आपली ओळख कशी सांगतो?

संगणक सुरू केला आणि पडद्यावरची अक्षरं अचानक मोठी, पसरट, धूसर दिसू लागली, की आपण म्हणतो, 'मॉनिटर गेला.' बऱ्याचदा तो गेलेला नसतो. त्याचं आणि संगणकाचं बोलणं तुटलेलं असतं. हे बोलणं सुरू कसं झालं, ते आज पाहू.

१९८१ साली आयबीएमचा पीसी आला, तेव्हा बोलण्याची फारशी गरजच नव्हती. रंगीत सीजीए कार्ड चार रंगांत ३२० बाय २०० ठिपके दाखवायचं. १९८४ साली ईजीए आलं, ६४० बाय ३५०. कार्डाला साजेसा मॉनिटर घ्यायचा, संपलं. १९८७ साली आयबीएमनं व्हीजीए आणलं: ६४० बाय ४८०, १६ रंग आणि १५ पिनांचं कनेक्टर. इतर कंपन्यांनी ते उचललं आणि ६४० बाय ४८० ही सगळ्यांना जमणारी किमान पायरी ठरली. म्हणूनच अडचणीत सापडलेला संगणक पुढे कित्येक वर्षं तिथेच येऊन थांबायचा.

मग ८०० बाय ६००, १०२४ बाय ७६८ असे आकडे वाढत गेले. कार्ड एकाचं, मॉनिटर दुसऱ्याचा. काचेच्या नळीच्या मॉनिटरला न झेपणारी फ्रिक्वेन्सी दिली तर चित्र फाटायचं. काही जुने मॉनिटर बिघडायचेही. नव्वदच्या दशकात लिनक्स वापरणारे मॉनिटरचं माहितीपुस्तक उघडून त्यातले आकडे स्वतः फाइलमध्ये भरायचे.

यावर १९९४ साली व्हेसा या संस्थेनं तोडगा काढला: ईडीआयडी. मॉनिटरच्या आत १२८ बाइटांचं ओळखपत्र. कंपनी, मॉडेल, आकार, चालणारी रिझोल्यूशन. व्हीजीए केबलमध्ये ते १२ आणि १५ क्रमांकाच्या पिनांवरून जातं. स्वस्त केबलमध्ये या तारा नसल्या, किंवा मधला स्प्लिटर ओळखपत्र पुढे देत नसला, की चित्र येतं, पण ओळख पोचत नाही. मग संगणक अंदाजानं कमी रिझोल्यूशन देतो.

या ओळखपत्राची एक गंमत. त्यातल्या एका रकान्यात रुंदी आठच्या पटीतच लिहिता येते. १३६६ ला आठनं पूर्ण भाग जात नाही! दुसऱ्या, सविस्तर रकान्यात ती बसते. पण काही संगणकांवर १३६० किंवा १३६८ दिसायचं, त्याचं मूळ इथे आहे.

एलसीडीत ठिपके कायमचे मोजलेले असतात. १९२० बाय १०८० च्या पडद्याला दुसरा आकडा दिला, की चित्र ताणावं लागतं. इंग्रजी अक्षर तरी तग धरतं; आपला अनुस्वार, रफार आणि जोडाक्षरं आधी पुसट होतात. मराठी वाचणाऱ्याला म्हणूनच हे जास्त जाणवतं.

तेव्हा क्रम लक्षात ठेवा. आधी सेटिंगमध्ये 'रेकमेंडेड' लिहिलेलं रिझोल्यूशन निवडा. ते यादीतच नसेल तर केबल बदला आणि मधले अडॅप्टर काढून थेट जोडा. मग ग्राफिक्स ड्रायव्हर पाहा. विंडोज नव्यानं टाकल्यावर बहुधा तोच राहिलेला असतो. शेवटी मॉनिटर दुसऱ्या संगणकाला लावा. तिथे स्वच्छ दिसला, तर नव्या मॉनिटरचे पैसे वाचले.

आणि चुकीचं रिझोल्यूशन निवडून पडदा काळा झालाच, तर कळफलकाला हात लावू नका. विंडोज १५ सेकंद उत्तराची वाट पाहतं आणि जुनं रिझोल्यूशन परत आणतं. ज्याला काही दिसतच नाही तो 'नाही' कसं म्हणणार? म्हणून गप्प राहणं म्हणजेच 'नाही', असं ठरवलेलं आहे.

भेटू पुढच्या भागात.