तोंडचा शब्द आणि हातचे अक्षर

ऑकलंडच्या सँडरिंगहॅममध्ये स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबात कुणाला मृत्युपत्र करायचे झाले, तर न्यूझीलंडचा २००७ चा कायदा दोन साक्षीदार मागतो. सही होताना दोघेही एकाच वेळी समोर हवेत. फ्रान्समध्ये मात्र माणसाने सगळे मृत्युपत्र स्वहस्ते लिहिले, तारीख घालून सही केली की पुरते. एक कायदा पाहणाऱ्याच्या डोळ्यांवर विसंबतो, दुसरा लिहिणाऱ्याच्या हातावर. हा विश्वास डोळ्यांवरून हाताकडे कसा वळला, याचा फ्रेंच दिवाणी कायद्यातला इतिहास मराठी वाचकांनी आवर्जून पाहावा, असे मनापासून वाटते.

विषय तुम्हाला परका वाटण्याचे कारण नाही. याज्ञवल्क्यस्मृतीने लेख, भोगवटा आणि साक्षीदार ही तीन प्रमाणे सांगितली. तिन्ही नसतील तर दिव्य. मराठेशाहीत गोतसभेपुढे वतनाचा तंटा आला की महजर, म्हणजे निवाड्याचा कागद, होई. त्याच्या तळाशी नजर टाका. ज्याला लिहिता येते त्याने आपल्या हाताने नाव घातलेले असते, ज्याला येत नाही त्याची निशाणी असते. पाटलाचा नांगर तर ठिकठिकाणी भेटतो. साक्षीदार आणि त्याच्या हातची खूण एकाच कागदावर शेजारी नांदतात. राजपत्रांत मजकूर संपला की ‘मर्यादेयं विराजते’चा शिक्का, म्हणजे त्याखाली कुणी ओळ वाढवू नये. मोडी कागदांच्या अभ्यासकांनी घडवलेली ही नजर आपली कमाई आहे, आणि ती इथे थेट उपयोगी पडते.

युरोपात साक्षीदार आणि लेख या दोघांची चुरस लागली. सम्राट जस्टिनियनच्या ५३८ च्या एका फर्मानात आर्मेनियातल्या खटल्याचा उल्लेख येतो. वादातल्या दस्ताचे अक्षर ताडून पाहिले तर जुळेना. पण साक्षीदारांनी आपापल्या सह्या ओळखल्या आणि दस्त खरा ठरला. तारुण्यातले अक्षर आणि थरथरत्या म्हातारपणीचे अक्षर सारखे कसे असेल, लेखणी नि शाई बदलली तरी वळण बदलते, असे सम्राट बजावतो. अक्षरतज्ज्ञांना आजही हेच भान ठेवावे लागते.

मध्ययुगीन फ्रान्समध्ये साक्षीदार लेखाहून वरचढ होता. १५६६ च्या मूलँ येथील राजाज्ञेच्या ५४ व्या कलमाने पारडे फिरवले: शंभर लिव्रांहून मोठा व्यवहार लेखीच हवा, आणि लेखाविरुद्ध साक्षीदार चालणार नाही. पढवलेल्या साक्षीदारांची भीती आणि लांबत जाणारे दावे ही त्यामागची कारणे. मग खोट्या सह्यांचा प्रश्न पुढे येणारच होता. १५७० मध्ये नवव्या चार्ल्सने अक्षरे तपासण्यासाठी शपथबद्ध लेखनिकांचा संघ मान्य केला. १८०४ च्या फ्रेंच दिवाणी संहितेने तोच नियम दीडशे फ्रँकांवर आणला. आज मर्यादा पंधराशे युरोंची आहे.

तरी साक्षीदार हद्दपार झाला नाही, आणि मला हा भाग सर्वांत मोलाचा वाटतो. प्रतिपक्षाच्याच हातची एखादी चिठ्ठी दावा संभाव्य ठरवत असेल, तर साक्षी घेता येतात. आग लागली, जहाज फुटले आणि घाईने ठेव कुणाच्या हवाली केली, तर तिथे लेख कुठून येणार? तिथेही साक्षच चालते.

नव्या वाचकांनी कलमे पाठ करायला बसू नये. एकच प्रश्न हाती धरून काळ बदलत जावा: सही नाकारली तर पुढे काय? १८०४ च्या संहितेत ज्याची सही म्हणतात त्याला ती कबूल करावी किंवा साफ नाकारावी लागे. पण त्याच्या वारसांनी ‘हे अक्षर आम्हाला ओळखता येत नाही’ एवढे म्हटले तरी भागे, आणि पडताळणी न्यायालयाकडे जाई. वडिलांचे अक्षर मुलाला ठाऊक असेलच असे नाही, हे त्या कायद्याने जाणले होते. नोटरीपुढे झालेल्या दस्ताला मात्र बनावटीचा स्वतंत्र दावा लावल्याशिवाय हात लावता येत नसे.

भारतीय बाजूने यायचे तर १८७२ च्या पुरावा कायद्यातली अक्षरओळखीची कलमे आधी वाचा. ड्रायफस प्रकरण फौजदारी असले तरी शेवटी जरूर घ्या. १८९४ मध्ये एका टिपणाच्या अक्षरावरून ड्रायफस या फ्रेंच लष्करी अधिकाऱ्याला शिक्षा झाली. पोलीस तज्ज्ञ बर्तियोंने अक्षरावर रचलेले गणित पुढे गणितज्ञ प्वांकारे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी खोडून काढले, आणि १९०६ मध्ये ड्रायफस निर्दोष ठरला.