ओल्या टी-शर्टचं कुळ

अमेरिकेतल्या लहान फ्लॅटांमध्ये घरी बिअर करणाऱ्यांचा एक ठरलेला सरंजाम असतो. टबात वीतभर पाणी, त्यात 19 लिटरचा बुधला, बुधल्याला जुना टी-शर्ट घातलेला, शर्टाची कड पाण्यात बुडालेली आणि समोर टेबलफॅन. याला ते ‘स्वॉम्प कूलर’ म्हणतात. एल जातीच्या बहुतेक यीस्टना 18 ते 22 अंश मानवतात. पण साखर खाताना यीस्ट स्वतःच उष्णता सोडतं आणि बुधला खोलीपेक्षा तीन-चार अंशांनी सहज तापतो. मग बिअरला नको तितका केळ्याचा वास येतो, घशाला झोंबणारं फ्यूझल अल्कोहोल वाढतं. दुसरा फ्रिज ठेवायला जागा कुठून आणायची?

बिअरच्या गारव्याचा इतिहास सांगणारे थेट बव्हेरियात जातात. 1553 ची उन्हाळ्यात बिअर गाळण्यावरची बंदी, तळघरं, बर्फ, मग 1870 च्या दशकातलं कार्ल फॉन लिंडेचं शीतयंत्र. खरं आहे सगळं, पण ते घराणं वेगळं. तिथे बिअर उन्हापासून लपवली किंवा बर्फाशेजारी ठेवली. टी-शर्टवाला पाणी हवेत उडवून उष्णता घालवतो. त्याचा मूळपुरुष माझ्या मते हिंदुस्थानातला आहे, आणि त्याचा बिअरशी काडीचाही संबंध नव्हता.

त्याचं नाव थर्मँटिडोट. कंपनीच्या काळात साहेबलोक दारांना वाळ्याच्या ताट्या लावत आणि त्यांवर पाणी मारायला माणूस ठेवत. पश्चिमेचा गरम वारा सुटला की खोली गार. वारा पडला की ताटी नुसतीच ओली. तेव्हा कुणीतरी मोठ्या लाकडी पेटीत हाताने फिरवायचा पंखा बसवला, पेटीच्या बाजूंना ओल्या ताट्या लावल्या आणि पेटीचं तोंड खिडकीत खुपसलं. फॅनी पार्क्सच्या 1850 साली छापलेल्या प्रवासवर्णनात हे यंत्र भेटतं. ‘हॉब्सन-जॉब्सन’ या 1886 च्या कोशात वाचलं तेव्हा मी उडालोच: ही पेटी म्हणजे धान्य उफणायच्या यंत्राचाच प्रकार! बिअर जवाची, आणि तिला गार करणारा पंखा खळ्यावरचा.

1930 च्या दशकात ॲरिझोनात हीच पेटी दिसते. पंखेवाल्याच्या जागी विजेची मोटर, वाळ्याच्या जागी ॲस्पेन लाकडाचा कीस. ओल्या किसाला दलदलीसारखा वास मारतो, त्यावरून ‘स्वॉम्प’, म्हणजे दलदल, हे नाव पडलं म्हणतात. हीच पेटी नागपूर-अकोल्याच्या खिडक्यांत डेझर्ट कूलर म्हणून बसली, आणि तिथे तिच्या ताट्या आजही ताट्याच आहेत.

हिंदुस्थानातून ॲरिझोनात ती गेली कशी? माझा तर्क कालव्यांचा. अमेरिकेच्या कोरड्या पश्चिमेला पाणी हवं होतं, म्हणून तिकडच्या भूगर्भ सर्वेक्षणाचे हर्बर्ट विल्सन यांनी हिंदुस्थानातल्या कालव्यांवर अख्खा अहवाल लिहिला. 1903 मध्ये त्याची दुसरी आवृत्ती निघाली. असे इंजिनिअर हिंदुस्थानात कालवे पाहत हिंडले आणि ओली ताटी तेवढी त्यांच्या नजरेतून सुटली, हे मला पटत नाही.

प्रतिस्पर्धी दावे आहेत. इजिप्तवाले म्हणतात, माठ रात्रभर ओले ठेवायची रीत तिथली, आणि अथेनियसच्या ग्रीक ग्रंथात तिचं वर्णनही आहे. असेल, पण माठ स्वतः पाझरतो, बुधल्याची काच पाझरत नाही, म्हणून तर शर्ट लागतो. ऑस्ट्रेलियाचा दावा जड आहे. 1890 च्या दशकात कूलगार्डीच्या सोन्याच्या खाणींवर अन्न ठेवायला गोणपाटाने मढवलेलं कपाट निघालं. वरच्या तसराळ्यातलं पाणी फ्लॅनेलच्या पट्ट्यांतून गोणपाटावर झिरपायचं. पाणी ओढणारं कापड ही टी-शर्टची अर्धी युक्ती त्यांची, हे कबूल. पण कूलगार्डीचं कपाट वाऱ्याची वाट बघतं. पंखा थर्मँटिडोटचा, नावही त्याच्याच नातवाचं.

हिशेब तसा उदार आहे: एक लिटर पाणी उडताना जेवढी उष्णता ओढतं, तेवढी 19 लिटर बिअरमधून निघाली तर ती तीसेक अंशांनी उतरेल. प्रत्यक्षात बराच वाटा आजूबाजूच्या हवेचा जातो, आणि हवा दमट असेल तर पाणी फारसं उडतच नाही. फिनिक्समध्ये किंवा मे महिन्याच्या नागपुरात शर्ट पुरतो. ह्यूस्टनमध्ये, मुंबईत तो नुसता ओला राहतो. तिथले लोक पाण्याच्या बाटल्या फ्रीजरमध्ये गोठवून टबात सोडतात, म्हणजे मुकाट्याने बव्हेरियाच्या घराण्यात दत्तक जातात.