राजधानीची नदी, वऱ्हाडचं पाणी

माझं गाव दर्यापूर तालुक्यातलं, पूर्णाकाठच्या खारपाणपट्ट्यातलं. इथं विहीर खणली तरी पाणी खारटच लागतं. म्हणून गोड्या पाण्याची नदी नासलेली दिसली की माझा जीव तळमळतो, आणि नागपूरच्या नाग नदीसाठी तो सर्वांत जास्त तळमळतो.

नागपूर ही आमचीही राजधानी होती. निजामाने १८५३च्या तहात वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केला, १९०२मध्ये कर्झनने तो कायमच्या पट्ट्याने घेतला आणि १९०३पासून अमरावती-अकोल्याचा कारभार नागपुरातून चालू लागला. आमचे आबा शेताच्या दाव्यासाठी बनोस्याला शकुंतला या छोट्या रेल्वेत बसत आणि मूर्तिजापूरला नागपूरची मोठी गाडी पकडत. परतल्यावर वकिलाची फी सांगत, संत्र्यांचा भाव सांगत. नदीचं नाव त्यांनी कधी काढलं नाही. आमच्या कापसाचा महसूल वऱ्हाडाबाहेर खर्ची पडतो, हा त्या पिढीचा सल होता. १९३८मध्ये प्रांताच्या विधानसभेत वेगळ्या विदर्भाचा ठराव आला, १९४७मध्ये त्याच प्रश्नावर अकोला करार झाला. त्या साऱ्या भांडणात नदी कुठेच नव्हती.

खरं तर त्या शहराला नाव दिलं ते याच नदीने. लाव्याच्या टेकड्यांकडून ती येते, अंबाझरी तलावाखालून शहरात शिरते. देवगडच्या बख्त बुलंद शाहाने १७०२च्या सुमारास तिच्या काठच्या बारा वस्त्या जोडून शहर वसवलं. पुढे भोसले आले, इंग्रज आले. अंबाझरीचं पाणी नळाने शहराला मिळू लागलं. शहर वाढत गेलं तसं घराघरांतलं सांडपाणी नदीत उतरलं. १९६०पासून हिवाळी अधिवेशनाला जवळजवळ दरवर्षी सारं सरकार नागपुरात येतं, तरी नदीचा नाला झालाच. सप्टेंबर २०२३मध्ये अंबाझरी भरून वाहिला आणि नदीकाठची घरं पाण्यात गेली, तेव्हा कुठे पुष्कळांना तिची आठवण झाली.

आता हा प्रश्न एकट्या नागपूरचा उरलेला नाही. नागचं पाणी कन्हानला मिळतं, कन्हान आंभोऱ्याला वैनगंगेत जाते आणि पुढे गोसीखुर्दचं धरण आहे. त्याच धरणातून सुमारे ४२६ किलोमीटरचा कालवा काढून बुलढाण्याच्या नळगंगेपर्यंत पाणी न्यायच्या प्रकल्पाला राज्याने २०२४मध्ये मंजुरी दिली. तो अमरावती-अकोल्यातून जाणार आहे. हे पाणी आम्हाला हवंच आहे, त्यासाठी आमच्या दोन पिढ्या वाट पाहून थकल्या. पण नागची घाण त्यात नको.

नाग नदीच्या शुद्धीकरणासाठी केंद्राने २०२२मध्ये सुमारे १,९२७ कोटींची योजना मंजूर केली. तिची चौकशी आता आमच्या आमदारांनीही केली पाहिजे. किती सांडपाणी शुद्ध करून सोडलं जातं आणि किती तसंच वाहतं, तो आकडा कालव्यात पाणी सोडण्याआधी, नागपूरच्याच अधिवेशनात, वऱ्हाडच्या शेतकऱ्यांना सांगा.