अर्ध्यावर मोडलेला डाव

गणिताच्या आधारे शेअरबाजारात उलाढाल करणाऱ्या कंपन्या मुलाखतीत फाशांचे प्रश्न विचारतात, याचे आम्हां मराठीच्या अध्यापकांना प्रथम हसूच आले होते. नमुन्यादाखल एक प्रश्न: फासा टाका, पडेल तितके रुपये घ्या, दान पसंत नसल्यास एकदाच पुन्हा टाकण्याची मुभा. या खेळात उतरायला किती रुपये मोजाल? उमेदवार सूत्रे घोकतात. आमच्या मते त्यांनी आधी १६५४ सालचा एक पत्रव्यवहार वाचावा.

त्यातला प्रश्न जुनाच होता. डाव अर्ध्यावर मोडला, तर पणाची रक्कम वाटायची कशी? लुका पाचोलीने १४९४च्या ग्रंथात जिंकलेल्या गुणांच्या प्रमाणात ती वाटली. १५५६मध्ये तार्तालियाने खोट काढली: एकच फेरी झाली असेल, तर ती जिंकणाराच सारे पैसे नेईल! खोट खरी, पण त्याचीही नजर झालेल्या फेऱ्यांवरच खिळलेली.

पास्कालने ती पुढे वळवली. तीन फेऱ्या आधी जिंकेल तो विजयी. प्रत्येकाचे ३२ पिस्तोल पणाला. एकाच्या दोन फेऱ्या झाल्या, दुसऱ्याची एक. पुढची फेरी पहिल्याने जिंकली तर ६४ त्याचे, हरला तरी बरोबरी, म्हणजे ३२. तेव्हा ३२ त्याचे पक्के, उरलेले ३२ निम्मेनिम्मे. वाटणी ४८ आणि १६. फाशाचा प्रश्नही असाच शेवटाकडून सुटतो. दुसऱ्या दानाची सरासरी साडेतीन. म्हणून चार, पाच, सहा पडले तर थांबावे, एरवी पुन्हा टाकावे. किंमत सव्वाचार रुपये.

फर्मा मात्र सगळ्या शक्यता मोजत असे. एकाला दोन व दुसऱ्याला तीन फेऱ्या हव्या असतील, तर चार फेऱ्यांत निकाल ठरलेलाच. सोळा शक्यतांपैकी अकरा पहिल्याच्या, पाच दुसऱ्याच्या. यावर रोबेर्वालचा आक्षेप असा, की डाव दोन-तीन फेऱ्यांतच संपू शकतो, मग चार कशाला धरायच्या? आक्षेप भाबडा वाटतो खरा. पण निकाल लागल्यावरही फेऱ्या खेळल्या तर विजेता बदलत नाही, हे चटकन ध्यानात येत नाही.

गंमत म्हणजे पुढे खुद्द पास्कालच चुकला. तीन खेळाडू; एकाला एक, इतर दोघांना दोन-दोन फेऱ्या हव्यात. काल्पनिक फेऱ्या धरल्या, की दोघेजण लक्ष्य गाठलेले दिसतात. अशा वेळी पण दोघांत विभागावा लागेल आणि फर्माची रीत कोलमडेल, असे त्याला वाटले. २५ सप्टेंबरच्या पत्रात फर्माने उत्तर धाडले: आधी कोण पोहोचला ते पाहा. सत्तावीसपैकी सतरा पहिल्याच्या, इतरांच्या पाच-पाच.