कोइमतूरचा करी



पाम बीच रोडजवळ राहणाऱ्यांना शनिवारी रात्रीचा तो आवाज माहीत आहे. सायलेन्सर बदललेल्या गाड्या वाशीकडून बेलापूरकडे सुसाट जातात, खिडक्यांच्या काचा थरथरतात. गाडीत असे बदल करणाऱ्या मेकॅनिकबद्दल माझं मत काय असेल, ते सांगायला नको. आपल्या शास्त्रात याला सरळ शब्द आहे, अनर्थदंड. काही कारण नसताना केलेलं पाप. त्याच्या पाच प्रकारांत एक हिंसादान. ज्याने इजा होईल अशी वस्तू दुसऱ्याच्या हाती देणं. तरीही आज मी अशाच एका गाडीवाल्याबद्दल लिहिते आहे.

सुंदरम करिवर्धन. जन्म 1954चा, कोइमतूरच्या लक्ष्मी मिल्स या कापड गिरणीच्या घराण्यातला. सगळे त्याला करी म्हणत. घरी गिरण्या, पण जीव इंजिनात. स्वतः शर्यती धावायचा आणि गाड्याही बनवायचा.

तेव्हाच्या शर्यती कुठे होत? मद्रासजवळ शोलावरमला महायुद्धाच्या काळातली विमानांची धावपट्टी होती, तिच्यावर. गाड्या म्हणजे आपल्या घरच्याच, अँबॅसडर नाहीतर फियाट. फियाट म्हटलं की मला आपले सोलापूरचे शेठ वालचंद हिराचंद आठवतात. त्यांची प्रीमियर ऑटोमोबाइल्स 1944ची, कारखाना कुर्ल्याचा. पुढे मुंबईची काळी-पिवळी झाली ती फियाट तिथलीच. तिचं 1089 सीसीचं इंजिन ट्यून करायचं म्हणजे काय? सिलिंडरचं डोकं थोडं घासायचं, म्हणजे आत जागा कमी होऊन पेट्रोलवायू जास्त दाबला जातो. हवा यायच्या-जायच्या वाटा गुळगुळीत करायच्या. कार्ब्युरेटर मोठा बसवायचा. सीट, गालिचे, सगळं वजन काढून टाकायचं. काटकसरीचंच काम ते एका अर्थाने, फक्त पैशांऐवजी सेकंदांची.

खऱ्या रेसिंग गाड्या मात्र परदेशातून याव्या लागत. आयात परवाने, भरमसाठ जकात, सुटे भाग मिळण्याची मारामार. त्यामुळे शर्यत हा राजेरजवाड्यांचा आणि उद्योगपतींच्या मुलांचा खेळ राहिला. करीही त्यांतलाच एक होता. परदेशी बनावटीची गाडी त्याला परवडत होती. इथे थांबला असता तर कोणी नाव ठेवलं नसतं.

1983च्या डिसेंबरात मारुती 800 आली. 1988च्या सुमारास करीने तिचं 796 सीसीचं तीन सिलिंडरचं इंजिन घेऊन एक बसणीची रेसिंग गाडी बांधली. पोलादी नळ्यांचा सांगाडा, फायबरचं अंग, इंजिन चालकाच्या पाठीमागे. तिला फॉर्म्युला मारुती म्हणू लागले. मी कॉमर्सची, म्हणून मला यातला हिशेब फार आवडतो. इंजिन देशी, सुटा भाग कोणत्याही गावच्या दुकानात मिळणार, दुरुस्ती कुठलाही मारुतीचा मेकॅनिक करणार. आणि सगळ्यांची गाडी सारखीच, त्यामुळे बापाच्या पैशाने वेग विकत घेता येत नाही. जिंकायचं तर चालवता आलं पाहिजे.

या गाड्या त्याने मुलांच्या हाती दिल्या. ज्यांच्यात गुण होता पण ऐपत नव्हती, अशांना गाडी दिली, पैशांची मदत केली, शिकवलं. ज्यांना शिकवलं तेच उद्या शर्यतीत आपल्या पुढे जाणार, हे माहीत असून शिकवलं. धंद्यातली माणसं आपलं गुपित भावालाही सांगत नाहीत, हे व्यापाऱ्यांच्या घरात वाढलेल्या बायकांना मी वेगळं सांगायला नको.

आता माझा प्रश्न. हे हिंसादान नाही का? मी बराच विचार केला. वेगाचं वेड तरुण पोरांना असतंच, ते करीने निर्माण केलं नाही. त्याने ते रस्त्यावरून उचलून बंद ट्रॅकवर नेलं, जिथे समोरून कोणी म्हातारा माणूस चालत येत नाही. डोक्यामागे पोलादी कमान, अंगावर पट्टे, डोक्याला हेल्मेट. आपल्या चार दानांत ज्ञानदान आहे आणि अभयदानही. पेट्रोल जळतं ते जळतंच, त्याचं समर्थन मी करणार नाही. पण शिकवलेलं ज्ञानदानात धरायला माझी हरकत नाही. महाराजसाहेबांना विचारलं तर ते कदाचित मला हसतील.

24 ऑगस्ट 1995 रोजी विमान अपघातात करी गेला. वय अवघं 41.

कोइमतूरचाच नारायण कार्तिकेयन लहान वयात फॉर्म्युला मारुती चालवत होता. त्याचे वडील रॅलीतले नावाजलेले चालक, पण एक बसणीच्या गाडीची सुरुवात करीच्या गाडीतून झाली. 2005मध्ये जॉर्डन संघाकडून तो फॉर्म्युला वनमध्ये उतरला, तिथवर पोचलेला पहिला भारतीय. हे पाहायला करी नव्हता.

कोइमतूरजवळ चेट्टीपाळयमला 2003मध्ये 2.1 किलोमीटरचा ट्रॅक झाला. एलजीबीच्या बी. विजयकुमार यांनी तो उभा केला आणि नाव दिलं करी मोटर स्पीडवे. राष्ट्रीय स्पर्धा तिथे होतात, आणि स्विफ्टसारख्या देशी गाडीचं इंजिन बसवलेल्या एक बसणीच्या गाड्यांत नवी पोरं शिकतात.