शल्यविद्येंतील गुरुगृहवास

श्रोतेहो, वैद्यकाच्या इतिहासाविषयीं बोलण्याचा ह्या गृहस्थाला काय अधिकार, असा प्रश्न आपल्या मनांत येणें साहजिक आहे. मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला एक निवृत्त शाळामास्तर. शस्त्र म्हणून हातांत धरली ती खडूची कांडी आणि फार तर छडी. तरीहि आज ह्या विषयाला हात घालतों, त्याला कारण एका रात्रीचा प्रसंग आहे.

दोन वर्षांपूर्वीं मी साताऱ्याहून एका मोठ्या शहरीं मुलाकडे राहावयास गेलों असतां एके रात्रीं माझी लघवी एकाएकीं तुंबली. साठी उलटलेल्या पुरुषांना ह्या दुखण्याचें वर्णन करून सांगावें लागत नाहीं, आणि इतरांना तें सांगून कळत नाहीं. तेथल्या एका रुग्णालयांत मुलानें मला नेलें. दोन तास मी खाटेवर तळमळत होतों. अखेर एक तरुण डॉक्टर घाईघाईनें आला. मीं त्याला वर्गांत उशिरां येणाऱ्या पोराप्रमाणें फैलावर घेतलें : “कुठं होतास रे इतका वेळ?” तो एवढेंच म्हणाला, “सर, एक मिनिट. आतां बरं वाटेल.” त्याचा हात हलका होता. नळी बसली आणि घटकेपूर्वीं मरण मागणारा मी पुन्हां माणसांत आलों. शेजारच्या स्टुलावर बसून तो माझा कागद लिहूं लागला, आणि लिहितां लिहितां, हातांतील पेन तसेंच ठेवून, बसल्या जागीं झोपी गेला. सिस्टर हळूच म्हणाली, “आजोबा, काल सकाळपासून उभे आहेत ते. आत्तां ऑपरेशनमधून आले.”

त्याच्या कोटावरील चिठ्ठीवर ‘निवासी डॉक्टर, मूत्ररोग शल्यविभाग’ असें लिहिलेलें होतें. निवासी म्हणजे राहणारा. हा कोठें राहतो, कां राहतो, आणि ही राहण्याची रीत कोणी घातली, हें शोधण्याच्या नादीं मी त्या रात्रीपासून लागलों.

मूत्राशयांतील खडा काढणें ही शल्यविद्येंतील अतिप्राचीन क्रियांपैकीं एक होय. सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानांतील सातवा अध्याय अश्मरीला, म्हणजे ह्या खड्याला, वाहिलेला आहे. रोग्याला एका बळकट माणसाच्या मांडीवर टेकवून त्याचे गुडघे दुमडून बांधावे; वैद्यानें डाव्या हाताचीं दोन बोटें, नखें काढून व तेल लावून, गुदद्वारांतून आंत घालून खडा खालीं आणावा; मग शिवणीच्या डाव्या अंगास यवमात्र अंतर सोडून छेद घ्यावा आणि खडा न फोडतां सबंध बाहेर काढावा; कारण मागें राहिलेला कणहि पुन्हां वाढतो. ह्या सर्वांच्या आधीं एक सूचना आहे. शस्त्र न लावल्यास मृत्यु निश्चित आणि लावल्यास जगण्याविषयीं संशय, म्हणून अधिपतीची अनुज्ञा घेऊनच वैद्यानें हें कर्म करावें. आज निवासी डॉक्टर रोग्याच्या नातेवाइकांपुढें जें संमतिपत्र धरतो, त्याचें मूळ शोधूं गेल्यास तें इतकें दूर सांपडतें.

परंतु मास्तर म्हणून माझें मन रमलें तें सूत्रस्थानांतील नवव्या अध्यायांत. हा अध्याय शिष्याच्या हाताला वळण कसें लावावें हें सांगतो. भोपळा, कलिंगड, काकडी यांवर कापण्याचा सराव. पाण्यानें अथवा चिखलानें भरलेल्या कातडी पिशवीवर आणि जनावराच्या मूत्राशयावर छिद्र पाडण्याचा सराव. किडक्या लाकडांत सळई फिरविणें. जाड्याभरड्या व तलम कापडावर टांके घालणें. बाहुल्याला पट्टी बांधणें. आणि नळी घालण्यासाठीं पाण्यानें भरलेल्या घड्याच्या अंगचें छिद्र व भोपळ्याचें तोंड. सर्व शास्त्र मुखोद्गत असलें तरी हा सराव न केलेला शिष्य कर्माला अयोग्यच, असा तेथें निकाल दिला आहे. पाठांतराच्या बळावर पहिला नंबर मिळविणाऱ्या आमच्या विद्यार्थ्यांना हें कोणी तरी ऐकवावयास हवें होतें.

ग्रीक देशांत हिपोक्रेटसच्या नांवानें चालत आलेल्या शपथेंत वैद्य म्हणतो कीं, खड्यासाठीं मी शस्त्र चालविणार नाहीं. तें काम त्यांतील कारागिरांवर सोंपवीन. म्हणजे मूत्ररोगाचा निराळा तज्ज्ञ असावा ही कल्पना आजकालची नव्हे. पुढें १८२४ सालीं पॅरिसच्या सिव्हिआल यानें छेद न घेतां मूत्रमार्गानेंच हत्यार आंत घालून खडा फोडला. १८४६ सालीं बोस्टनला ईथरची भूल यशस्वी ठरली, तेव्हां रोग्याच्या किंकाळ्या थांबल्या आणि शल्यवैद्याला सावकाशीनें काम करण्याची सवड मिळाली. १८७८ सालीं त्याच बोस्टनच्या बिगेलो यानें फोडलेला खडा एकाच बैठकींत शोषून बाहेर काढण्याची रीत घातली. आणि १८७९ सालीं निट्झे या जर्मन वैद्यानें दिवा बसविलेली नळी मूत्राशयांत घालून आंतील प्रदेश प्रत्यक्ष डोळ्यांनीं पाहिला. ज्याचा अंदाज हजारों वर्षें बोटांनीं घ्यावा लागला, तें आतां दिसूं लागलें.

आतां ‘निवासी’ या शब्दाकडे वळूं. अमेरिकेंत बाल्टिमोर येथें जॉन्स हॉपकिन्स रुग्णालय १८८९ सालीं उघडलें. तेथील शल्यवैद्य हॉल्स्टेड यांनीं असा क्रम बसविला कीं, शिकाऊ शल्यवैद्यानें रुग्णालयांतच राहावें, अहोरात्र रोग्याच्या हांकेला असावें, आणि जसजसा हात तयार होईल तसतसें त्याच्यावर अधिकाधिक काम सोंपवावें. मुदत ठरलेली नसे. गुरूला वाटेल तेव्हां ती संपे. १८९७ सालीं ह्याच हॉल्स्टेडनीं ह्यू यंग नांवाच्या तरुणाला मूत्ररोगविभाग संभाळण्यास सांगितलें. आपल्याला त्यांतलें कांहींच येत नाहीं, असें यंग यांनीं मोकळेपणानें सांगितलें. तरी काम त्यांच्याकडेच आलें, आणि पुढें ते त्या देशांतील मूत्रशल्यविद्येचे अग्रणी ठरले. ह्या कथेची दुसरी बाजूहि सांगितली पाहिजे. शिष्यांकडून अखंड जागरणाची अपेक्षा करणारे हॉल्स्टेड स्वतः कोकेनच्या व पुढें मॉर्फिनच्या व्यसनांत दीर्घकाळ अडकलेले होते. जी रीत जगानें आदर्श म्हणून उचलली, तिच्या मुळाशीं असलेला मनुष्य आपल्यासारखाच हाडामांसाचा होता.

आपल्याकडे मुंबईस ग्रँट वैद्यकीय महाविद्यालय १८४५ सालीं निघालें आणि १८५१ सालीं त्याची पहिली तुकडी बाहेर पडली. गोव्यांतील मांद्रें गांवचे भाऊ दाजी लाड हे त्या तुकडींतले. पण मुंबई आमच्या कृष्णाकांठापासून दूर होती. येथें ही विद्या खऱ्या अर्थानें रुजली ती मिरजेस.

डॉ. विल्यम वानलेस हे मूळचे कॅनडाचे. १८८९ सालीं मिशनच्या कामावर ते ह्या भागांत आले आणि सांगलीस त्यांनीं दवाखाना घातला. पुढें त्यांनीं मुक्काम मिरजेस हलविला. मिरजेच्या अधिपतींनीं जागा दिली आणि १८९४ सालीं रुग्णालय उभें राहिलें. मोतीबिंदू आणि मूत्राशयाचा खडा हीं दोन दुखणीं घेऊन माणसें दूरदूरच्या मुलुखांतून येत. केवळ धान्यावर वाढणाऱ्या, दूध-मांस ज्यांना क्वचित् मिळे अशा गरिबांच्या पोरांना त्या काळीं मूत्राशयाचा खडा फार होई. आहार सुधारला तसा तो मुलांतून मागें हटला. आतांचा खडा बहुधा मोठ्या माणसांच्या मूत्रपिंडांत असतो.

रोगी वाढले, पण हात अपुरे पडूं लागले. म्हणून १८९७ सालीं वानलेस यांनीं रुग्णालयाला जोडूनच वैद्यकीय शाळा काढली. शिकविणारे डॉक्टर त्याच आवारांत राहत. सकाळीं जो गुरु वर्गांत बोले तोच दुपारीं शस्त्रक्रियेच्या टेबलापाशीं उभा असे. १९२८ सालीं ‘सर’ होऊन वानलेस निवृत्त झाले व १९३३ सालीं निवर्तले. सांगली-मिरज रस्त्यावरील वानलेसवाडी त्यांचें नांव आजहि सांगते. १९४६ सालीं नाशिकास जन्मलेल्या सर जोसेफ भोर यांच्या समितीनें दोन दर्जांचे डॉक्टर घडविण्याची पद्धत मोडून सर्वत्र एकच पदवी असावी अशी शिफारस केली, आणि देशांतील जुन्या वैद्यकीय शाळांचें युग मावळलें. १९६२ सालीं मिरजेंत सरकारी वैद्यकीय महाविद्यालय निघालें, तेव्हां शिक्षणासाठीं त्याला वानलेस रुग्णालयाचाच आधार मिळाला. आमच्या साताऱ्याचे नरेंद्र दाभोलकर सांगलीच्या विलिंग्डन महाविद्यालयांत शिकून येथेंच डॉक्टर झाले. कऱ्हाडास १९८४ सालीं कृष्णा संस्थेचें महाविद्यालय सुरू झालें, आणि आतां खुद्द साताऱ्यासहि सरकारी महाविद्यालय आहे. ज्या खोऱ्यांत एका परदेशी माणसानें पहिला वर्ग भरविला, तेथें आज अनेक गांवीं डॉक्टर घडत आहेत.

मात्र मूत्रशल्यविशारद होणें ही फार लांबची वाट आहे. एम. बी. बी. एस. चीं साडेचार वर्षें आणि एक वर्षाची उमेदवारी. नंतर साऱ्या देशाची स्पर्धापरीक्षा देऊन सामान्य शल्यविद्येच्या एम. एस. चीं तीन वर्षें. पुन्हां स्पर्धापरीक्षा आणि एम. सीएच. चीं तीन वर्षें. एकहि प्रयत्न वायां न जातां साडेअकरा वर्षें होतात. त्यांत सरकारी सेवेच्या बंधपत्राचीं वर्षें आलीं तर तीं निराळीं. अठराव्या वर्षीं निघालेला मुलगा तिशींत पोंचतो तेव्हां त्याच्या वर्गमित्रांचीं मुलें शाळेंत जाऊं लागलेलीं असतात.

ह्या अखेरच्या तीन वर्षांत निवाशाचा दिवस सूर्योदयाबरोबर सुरू होतो. वरिष्ठ येण्यापूर्वीं सगळ्या खाटा पाहावयाच्या, कोणाला किती लघवी झाली व तिचा रंग कसा हें टिपावयाचें, नळ्या बदलावयाच्या. मग बाह्यरुग्ण विभाग किंवा शस्त्रक्रियागृह. तेथें आरंभीं दुर्बीण नुसती धरावयाची, पुढें मूत्राशय पाहावयाचा, मग प्रोस्टेट आंतून तासावयाची, पाठींतून बारीक वाट करून मूत्रपिंडांतील खडा काढावयाचा. १९८० सालीं म्यूनिचला बाहेरूनच आघातलहरींनीं खडा फोडण्याची युक्ति निघाली, तिच्यामागून लेसर आला. हें सारें शिकावयाचें. संध्याकाळीं रोग्यांची माहिती गुरुजनांपुढें मांडावयाची, आणि उरल्या वेळांत प्रबंध लिहावयाचा. रात्रीं रक्ताच्या गुठळीनें कोणाची नळी बंद पडते. कोणा पोराचें वृषण पिळवटलेलें असतें, आणि तेथें सहा तासांच्या आंत हात लावला नाहीं तर अवयव गमावण्याची भीति. अशा वेळीं “सकाळीं पाहूं” हें उत्तर चालत नाहीं.

मग विश्रांतीचें काय? केंद्र सरकारच्या १९९२ सालच्या योजनेंत निवाशाचें सलग काम साधारणपणें १२ तासांहून अधिक नसावें आणि आठवड्याचें ४८ तास असावें, असें सांगितलें आहे. अमेरिकेनें २००३ सालीं ८० तासांची मर्यादा घातली. कागदावर आपण अमेरिकेहून दयाळू आहोंत. पण माझ्या खाटेशेजारीं पेन धरून झोपलेला तरुण कोणत्या कागदांत बसत होता? ‘मार्ड’ या संघटनेच्या झेंड्याखालीं निवासी डॉक्टर संपावर गेले कीं आपल्या घरांतून त्रासिक उद्गार निघतात. माझ्याहि तोंडून ते निघालेले आहेत.

मीं ह्याचा पुष्कळ विचार केला. गुरुगृहवास वाईट आहे असें मला वाटत नाहीं. मध्यरात्रीं बंद पडलेली नळी मोकळी करण्याचें शिक्षण मध्यरात्रींच मिळतें. तें ग्रंथांत नाहीं. मिरजेच्या आवारांत शिष्य राहत, पण गुरूहि राहत. जेथें दोघेहि राहतात तेथें गुरुगृह होतें. जेथें शिष्य तेवढा मागें राहतो आणि त्याचा हात तयार होत आहे कीं नाहीं हें पाहावयास कोणीच नसतें, तेथें विद्या संपून वेठ सुरू होते. तासांची मोजणी झालीच पाहिजे; पण त्या तासांत त्याच्याजवळ कोण उभें होतें, हेंहि कोणी मोजावें.

तिसऱ्या दिवशीं मला घरीं सोडावयाचें ठरलें, तेव्हां तो तरुण पुन्हां आला. विचारतां कळलें कीं तो आमच्याच माणदेशचा. घराण्यांतला पहिला डॉक्टर. शिक्षण पुरें व्हावयास अजून दीड वर्ष होतें. मीं विचारलें, “पुढें काय? इकडेच राहणार?” तो म्हणाला, “दहिवडीला बसायची इच्छा आहे, सर. तुमच्यासारख्या माणसांना रात्रीं साताऱ्याला पळावं लागतं. पण दुर्बीण, लेसर, भूल देणारा माणूस, हें सगळं तिथं कोण उभं करणार?” त्याला देण्याजोगें उत्तर माझ्यापाशीं नव्हतें. मिरजेला एका संस्थानिकानें जागा दिली होती. आतां संस्थानें नाहींत, आपण आहोंत.

मग मीं त्याची क्षमा मागितली. “त्या रात्रीं मी आपल्याला अरे-तुरे बोललों, तें बोलणें विसरून जावें,” असें म्हटलें. त्याला तें आठवतहि नव्हतें. तो थोडा ओशाळला आणि म्हणाला, “सर, मला तेव्हां झोप लागली होती ना? कागद मात्र मीं पुरा लिहिला होता. नंतर तपासून पाहिला.”